नवव्या घरात काढलेला प्लग

२००६च्या गणेशोत्सवात, आरतीनंतर आणि पुऱ्यांच्या आधी, जर्मनीतल्या आखनच्या आपल्या मराठी मंडळात गिटारवाल्या काकांवर अन्याय झाला. अहवालात छापलंय, 'कार्यक्रम उत्साहात पार पडला.' साफ खोटं. पार पडूच दिला नाही आपण.

काकांना तुम्ही ओळखता. दिवसा गिअरबॉक्सचे इंजिनिअर, शुक्रवारी संध्याकाळी क्नाइपेत, म्हणजे कोपऱ्यावरच्या बिअरच्या अड्ड्यात, ब्लूज वाजवणारे. घराणं मिरजेचं. वडील, आप्पा, संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. आत्या गायच्या, थोरले भाऊ तबल्यावर. काकांनी कॉलेजात कुणाची तरी ब्लूजची कॅसेट ऐकली आणि ऑर्गनचं झाकण लावलं ते लावलंच. ती कॅसेट ऐकून आप्पांचा निकाल एका वाक्यात: "हे गाणं नव्हे, कण्हणं आहे."

तरी वळण घरचंच. वाजवण्याआधी काका मनात आप्पांचं नाव घेऊन कानाच्या पाळीला हात लावायचे. क्नाइपेतल्या साउंडवाल्याला वाटायचं, आवाज फार झाला. तो बिचारा लगेच कमी करायचा.

"आल्झो, हे बघा, गुरूला वंदन केलं की माझाच आवाज बंद!" काका कुरकुरायचे. पुढच्या शुक्रवारी हात पुन्हा कानाला.

मला शिकवताना म्हणायचे, "ब्लूजच्या एका फेरीला बारा घरं, म्हणजे बार, असतात. हवं तसं हिंड, पण शेवटी आपल्या घरी ये." मी घाईघाईत पोचलो की ओरडायचे, "अरे, चपला तरी काढ दाराशी!"

त्या वर्षी पंच्याऐंशीचे आप्पा आखनला आले होते. मुलाची गिटार त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. पहिल्या रांगेत बसले, काठी मांडीवर आडवी, चेहरा परीक्षकाचा. काकांनी कानाला हात लावला आणि सुरुवात केली. थोड्या वेळानं आप्पांचं बोट काठीवर पडायला लागलं. मी बघितलंय. म्हाताऱ्यानं ठेका धरला होता!

काका नवव्या घरात होते. अध्यक्षांनी प्लग उपटला.

"अहो, पुऱ्या गार होतायत! आणि गेनाऊ आठला, आठच्या ठोक्याला, हॉल सोडायचाय!"

आणि तुम्ही उठलात. हो, तुम्हीच. ताटं घेऊन.

आप्पांचं बोट तसंच वर राहिलं. "पुढे?" त्यांनी विचारलं.

"जेवून घ्या, आप्पा," काका म्हणाले.

जर्मन साउंडवाल्याला कानाला लावलेल्या त्या हाताचा अर्थ ठाऊक नव्हता. आपल्याला होता.

तेव्हापासून काका मंडळात दिसले नाहीत. बोलवायला गेलो की हसतात. "नको रे, पुऱ्या गार होतील." पण यंदा, सत्त्याऐंशीव्या वर्षी, आप्पा पुन्हा येतायत. डॉक्टरांनी सांगितलंय, यानंतर विमानप्रवास नाही. त्यांनी मिरजेहून फोनवर मुलाला एवढंच विचारलं, "ते राहिलेलं कधी वाजवणार?" आता काका येणार आहेत.

प्लगपाशी मी बसतोय. तुम्ही एकच करा: आप्पांचं बोट थांबेपर्यंत ताटाला हात लावू नका. पुऱ्या गार खा.