पुतळाबाईचा अबोला

सारसोळ्याच्या जेट्टीवरून रोज एक होडी सुटते आणि तिच्यात नवरा-बायको भांडत असतात, असं पार करावे गावापर्यंतच्या लोकांचं मत होतं. मत अर्धंच खरं होतं. भांडण नव्हतं. पुतळाबाई एकटीच बोलायची.

होडीच्या नाकावर ती. मागे सुकाणू धरून गोटीराम. जेट्टी सुटली की तिचं सुरू.

"त्या डाव्या खुंटावर पानकावळा बसलाय. मेल्यानं पंख कसं पसरलंत, गॅलरीत टॉवेल वाळत घातल्यागत."

गोटीराम होडी जराशी उजवीकडे घ्यायचा.

"सीवूड्सचे टॉवर आज अगदी नाकासमोर आलेत, नाय?"

गोटीराम सरळ ठेवायचा.

"तिवरांचा वास लय जवळून येतोय बाई."

गोटीराम घाईघाईने वळायचा.

गोटीरामला नीट दिसेनासं झालं त्याला बरेच दिवस झाले होते. हे त्याला माहीत होतं, पुतळाबाईला माहीत होतं, आणि दुसऱ्यालाही माहीत आहे हे दोघांना माहीत होतं. फक्त बोलायचं नव्हतं. कारण मिथुन, त्यांचा मुलगा. त्याने घराच्या जागी बिल्डिंग उभी केली होती. वर भाडेकरू, खाली हॉटेल. मागे एकदा होडी खुंटाला घासली तेव्हाच तो म्हणाला होता, "परत काय झालं ना, इंजिन काढून नेईन. होडी हॉटेलसमोर ठेवू. आत कुंड्या ठेवू. लोकांना सेल्फीला बरं पडतं."

पुतळाबाईचं कुंड्यांशी वाकडं नव्हतं. तिला भीती होती ती घरातल्या सोफ्याची. सून रंजिता चांगली होती, चहा हातात आणून द्यायची, पाणी हातात आणून द्यायची. सगळं हातात मिळाल्यावर हातांनी काय करायचं, हे पुतळाबाईला कळत नसे. खाडीत ते जाळं ओढत, चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत. होडी गेली की उरलेला जन्म सोफ्यावर, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून ती बोलायची.

बिघडलं ते एका बुधवारी. जेट्टीवर चहा विकणारा बाबासो, मूळचा सांगलीकडचा, त्याने सहज विचारलं, "काय ओ मामा, मामी होडीत नेमकं करत्यात तरी काय?"

"ती?" गोटीराम म्हणाला. "बडबड. होडी मी चालवतो. तिच्यापरीस इंजिनाचा आवाज बरा."

चहा पिणारे सगळे हसले. पुतळाबाईने टोपली उचलली, नाकावर जाऊन बसली आणि तोंड मिटलं.

जाताना भरती होती. जिकडे न्याल तिकडे पाणी, त्यामुळे काही बिघडलं नाही. जाळं ओढून झालं. येताना ओहोटी लागली आणि वाट अरुंद झाली.

"पानी उतरतंय," गोटीराम म्हणाला.

पुतळाबाई गप्प.

"आज पक्षी-बिक्षी नाय वाटतं कुठं?"

तिच्यासमोर फ्लेमिंगोंची अख्खी जत्रा भरली होती. ती बघत राहिली.

"टॉवर कुठवर आलं म्हनायचं?"

आता सरळ विचारील, असं तिला वाटत होतं. आता बोलेल, असं त्याला वाटत होतं. दोघं अशी एकमेकांची वाट बघत असताना होडी चिखलावर चढली. फार आवाजही झाला नाही. सायीत चमचा रुतावा तशी रुतली.

गोटीरामने इंजिन बंद केलं. उरलंसुरलं पाणी हळूहळू निघून गेलं. चिखलातून निवट्या मासळ्या टुणटुण उड्या मारत आल्या आणि होडीकडे बघत बसल्या. पुतळाबाईने डबा उघडला, भाकरी मोडून अर्धी त्याला दिली.

"सांगायचं नाय काय गो?"

"बडबड झाली असती."

गोटीरामने घास गिळला. मग म्हणाला, "मना एका खुंटाचे तीन दिसतात. मी मधला खरा धरतो."

"आनि असतो का तो खरा?"

"कधी कधी."

"मग बाबासोला तसं सांगायचं."

"काय सांगू? बायको वाट दाखवते? लोक हसतील."

"आज हसलेच की. माझ्यावर हसले ते चाललं तुमाला?"

तेवढ्यात फोन वाजला. मिथुन.

"काय सांगू?" गोटीरामने विचारलं.

"जे हाय ते."

"रुतलो," गोटीराम फोनमध्ये म्हणाला. मग मिथुन म्हणाला, मी जेट्टीवर येतो.

"इंजिन काढायला पाना घेऊनच येल," पुतळाबाई म्हणाली.

काही तासांनी भरती आली, होडी हलायला लागली. गोटीरामने सुकाणूला हात घातला तर पुतळाबाई समोर उभी.

"उठा. नाकावर जा."

सारसोळ्यात सुकाणूवर बसलेली बाई कुणी पाहिली नव्हती. मनाई नव्हती. कुणी बसली नव्हती, इतकंच. गोटीराम सुकाणू सोडून उठला. छोट्या होडीत जागा बदलायची तर दोघांना एकदम उभं राहून एकमेकांचे खांदे धरावे लागतात, नाहीतर दोघंही पाण्यात. त्यांनी धरले. असं एकमेकांना धरलेलं दोघांनाही आठवत नव्हतं, म्हणून दोघंही दुसरीकडे बघत राहिले.

होडी वेडीवाकडी, पण वाटेतून आली. जेट्टीला लागली ती मात्र धाडकन. बाबासोच्या हातातला चहा सांडला.

मिथुन खरोखरच पाना घेऊन उभा होता. "आई, तू? सुकाणूवर?"

"रशी धर आधी."

त्याने दोर धरला. "बाबा, आता बास हां. मी बोललो होतो ना?"

"मना दिसत नाय," गोटीराम म्हणाला. एवढ्या मोठ्याने, की चहा पिणारेही वळले. "लय दिवस नाय दिसत. होडी हीच आनत होती. बोलून बोलून."

कुणीच हसलं नाही. बाबासोने रिकामा ग्लास खाली ठेवला.

"मग तर बंदच," मिथुन म्हणाला.

"माझी बंद. मना डॉक्टरकडं ने, काय करायचं ते कर. होडी तिची हाय."

पुतळाबाई इंजिन बंद करायचं बटण शोधत होती. ते तिला सापडत नव्हतं.

"आई, तुला जमेल का?"

"ठोकली ती बघितलीस ना?" ती म्हणाली. "शिकेन."

मिथुन पाना हातात घेऊन जेट्टीच्या कडेला आला. मग होडीत उतरला. पुढे हात घालून त्याने ते बटण दाबलं. धक्क्याने इंजिनाचा बोल्ट ढिला झाला होता. तो वाकला आणि पाना लावून आवळायला लागला.

"अजून आवळ," पुतळाबाई म्हणाली. "उद्या पन ठोकीन."