हँडलची थरथर आणि नाईक करीम

महायुद्धाच्या काळात आमच्या सिग्नल सेक्शनचा तळ काही आठवडे मेडशीजवळ होता. माझे गाव रिसोड. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मुलगा मी. फौजेने मला डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटरसायकलवरून टपाल पोचवणारा, केले, त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. सकाळी सहाला फॉल-इन, सातला कागदांची पिशवी घेऊन वाशीम, दुपारी चारला पुन्हा तीच फेरी.

मला मिळालेली मोटरसायकल जुनी होती. हँडल वळवताना करकरायचे. एका रविवारी मी वरचा नट सोडला आणि आमच्याकडे बैलगाडीच्या आसाला करतात तेच केले. अंबाडीचा वाक, म्हणजे सालीचे तंतू, एरंडेलात भिजवून बेअरिंगमध्ये भरला. करकर थांबली. यात कुणाला सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही.

चौथ्या दिवशी हँडल थरथरू लागले. ताशी वीस मैलांना नाही, चाळीसला नाही, बरोबर तीसला. कारण मला कळेना. आमचा मेकॅनिक करीम, हुद्द्याने नाईक, आसेगावचा, बैलगाड्यांची चाके करणाऱ्या घरातला. दुपारी एकला मी गाडी त्याच्यासमोर उभी केली.

"काय करून ठेवलं बी.ए., गाडीले?"

"काही नाही, उस्ताद."

"मंग भूत बसलं काय हँडलावर? उभ्या गाडीवर रेस दे."

दिली. हँडल शांत.

"इंजिन नाही. चालतानीच हलते. म्हंजे चाक, नाही तं हँडलाची मान."

त्याने टायरची हवा पाहिली. पान्याने चाकाची एकेक तार वाजवून कान लावला. एक तार बद्द वाजली, ती त्याने आवळली. मी फेरी मारून आलो. थरथर तशीच. मग पुढचे चाक पेटीवर उचलून त्याने चाक धरणारा फोर्क मागेपुढे ढकलला.

"ढिली नाही. तरी हलते. काहून?"

घट्ट वस्तू थरथरते कशी, हे मलाही कळत नव्हते. त्याने डोळे मिटून हँडल हळूहळू फिरवले. "अटकते," म्हणाला आणि नट खोलला. आतून माझा वाक निघाला.

"हे कोनं घातलं?"

"मी. बैलगाडीले घालतात तसं."

तो हसत खालीच बसला. "बैलगाडीच्या आसात लोखंडाच्या गोळ्या असतात काय रे? इथं गोळ्या फिरल्या पायजेत. अडकून अडकून आपल्या वाटीले खड्डे पाडले त्यायनं. माह्या बापानं पाह्यलं असतं तं तुलेच चाकाले बांधलं असतं!"

नवी वाटी अकोल्याहून यायची होती. त्याने गोळ्या धुतल्या, वाटी थोडी फिरवून बसवली, ग्रीस भरले. मी पुन्हा फेरी मारली. थरथर कमी झाली होती, गेली नव्हती.

हवालदार साहेब आले. "चार बजे गाडी जाएगी?"

"पहले मैं देखता हूँ, साब." करीम माझ्याकडे वळला. "उतर. हे तुह्या वाकाचं आहे का अजून काही, समजून नाही राह्यलं."

तो तीन वीसला निघाला. पावणेचारला एक गाडीवान धावत आला. मोटरसायकल पुलाच्या वळणावर पडली होती. आम्ही पोचलो तेव्हा करीम गेला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे फौजी चौकशीत, मी वाकाचे सगळे सांगितले. कॅप्टन साहेबांनी लिहून घेतले. निकाल आला: फोर्कची नळी जुन्या चिरेवरून तुटली. चिरेमुळे हँडल थरथरत होते, की माझ्यामुळे सुरू झालेल्या थरथरीने चीर वाढली, हे मी त्यांना विचारले. त्यांनाही सांगता आले नाही. नंतर अनेक मेकॅनिकांना विचारले. निम्मे एक सांगतात, निम्मे दुसरे.

करीमचे सामान घेऊन मी आसेगावला गेलो. त्याचे वडील अंगणात चाकाला आरे बसवत होते. त्यांनाही मी वाकाचे सांगितले, काही न लपवता. त्यांनी हातातला आरा पुरता ठोकून बसवला. मग एवढेच विचारले,

"हँडल सोडलं होतं काय त्यानं?"

"नाही, चाचा. गाडीवानानं पाह्यलं. पडेपर्यंत दोन्ही मुठी हँडलवरच होत्या."

"मंग ठीक."

त्यांनी मला बसायला पाट दिला आणि आत पाणी सांगितले.

नाईक करीम, मोटर मेकॅनिक, राहणार आसेगाव. वय पंचवीस. त्या दुपारी चारची फेरी माझी होती.