घर आत येणार कुठून?

लोरेटा स्टकीला आकडेमोडीचा कंटाळा नव्हता. कंटाळा होता तो आकडेमोडीला येऊन बसणाऱ्या माणसांचा.

ओहायोतल्या त्या टेकडीखालच्या वस्तीत चाळीस घरं. कारखान्यात बनलेली, चाकांवरून आलेली, ज्याची त्याची स्वतःची. पण खालची जमीन मालकाची. मालक दरवर्षी जागेचं भाडं वाढवायचा आणि वर म्हणायचा, पटत नसेल तर घर उचला. उचला म्हणे! पंचवीस वर्षं बसलेलं घर उचलायला जा, तळ तिथंच राहतो आणि भिंती हातात येतात. दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतःचं घर ज्यांनी कधी टेकवलं नाही, त्यांना यातली गोम कळायची नाही. शेवटी लोरेटानं दारोदार फिरून सगळ्यांना एकत्र आणलं, कर्ज काढलं आणि वस्तीनं ती जमीनच विकत घेतली. शाळेच्या खानावळीत जन्मभर बटाटे कुस्करणारी बाई वस्तीच्या सोसायटीची अध्यक्ष झाली. त्या दिवशी ती छाती ठोकून बोलली होती, "भाड्यापायी आता इथनं एकही माणूस जाणार नाही."

तोच शब्द आता गळ्याशी आला होता. सांडपाण्याच्या टाक्या कामातून गेल्या होत्या आणि नव्या बसवायचा सरकारी हुकूम आला होता. खर्च चाळीस घरांवर वाटला, तर पेन्शनवर जगणारा डेलमार कोंब्स पहिल्याच महिन्यात रस्त्यावर येणार. उपाय एकच: मागच्या कुरणात आठ नव्या जागा पाडायच्या, नवी घरं आणायची आणि भार वाटून घ्यायचा. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण आधी खर्चाचा अंदाज मागत होती.

मग काय, जो तो तज्ज्ञ! एकाचा मेहुणा खडी फुकट देणार होता. ती खडी आजवर कुणी पाहिली नव्हती. दुसऱ्याच्या मते पाण्याचं काय एवढं, बागेच्या नळाला रबरी पाइप जोडला की झालं. शहरातून आलेला इंजिनिअर प्रत्येक प्रश्नाला "ते बघावं लागेल" म्हणायचा आणि बघण्याचे वेगळे पैसे लावायचा. लोरेटानं सगळ्यांशी भांडून एकेक रक्कम बसवली: सपाटीकरण, पाणी, मैला, विजेचे खांब, घराखालचे काँक्रीटचे चौथरे. बँकेच्या मर्यादेत, अगदी काठोकाठ.

रविवारी जुन्या धुलाईघरात सभा भरली. टेबलावर घरोघरची भांडी, बटाट्याची कोशिंबीर, फरसबी. लोरेटानं अंदाज वाचून दाखवला. टाळ्या पडणार एवढ्यात ओपल फिंच उठली. ओपल तिच्या समोरच राहायची आणि विरोध केल्याशिवाय तिला जेवण पचत नसे.

"बाई, सगळं छान. पण ही आठ घरं कुरणात येणार कुठून? आभाळातून?"

"रस्त्यानं येतील, ओपल. तुझं आलं तसं."

"माझं आलं तेव्हा वळणावर तुझा व्हरांडा नव्हता."

"आणि तुझी शेडही नव्हती!"

बोलता बोलता लोरेटानं मनातल्या मनात माप धरलं. पंचाहत्तर फुटी घर, पुढं ट्रक, आणि ते वळण. एका बाजूला तिचा व्हरांडा, दुसऱ्या बाजूला ओपलची शेड, मधून जेमतेम मोटार जाते. चाकांवरून आलेली ही सगळी माणसं. पण जो तो घराला पायऱ्या, पडव्या, छपरं जोडत गेला आणि घराला चाकं होती हेच विसरला. लोरेटासुद्धा.

ती इंजिनिअरवर उखडली. "तुम्हाला दिसलं नाही?"

"तुम्ही मला कुरण मोजायला सांगितलं होतं, मॅडम."

"दोन तुकड्यांत आणू," मागून कुणीतरी म्हणालं.

"अरे शहाण्या, अर्धं घरही लांबीला तेवढंच असतं! फक्त रुंदीला अर्धं. जन्म गेला तुझा इथं!" लोरेटा खेकसली.

इंजिनिअरनं दुसरीकडून नवा रस्ता सुचवला आणि त्याचा आकडा सांगितला. आकडा ऐकून फरसबीचं भांडं उघडणारा हात तिथंच थांबला.

"माझ्या शेडला हात लावायचा नाही," ओपल म्हणाली. "आधीच सांगते."

डेलमार कोपऱ्यात टोपी चाळवत होता. "जाऊ दे, लोरेटा. माझी बहीण केंटकीत आहे. तिच्याकडं जाईन."

"तुझी बहीण तुला दोन दिवस सहन करत नाही, गप बस!"

लोरेटाचं डोकं फिरलं होतं. ओपलवर, इंजिनिअरवर, सगळ्यांत जास्त स्वतःवर. त्या व्हरांड्यात बसूनच तिनं चाळीस घरांच्या सह्या घेतल्या होत्या. पाहुणा आला की ती त्याला खुर्ची नेमकी तिथंच द्यायची.

"पाडा तो," ती इंजिनिअरला म्हणाली. "माझा व्हरांडा. तेवढा गेला की ट्रक वळतो. लिहून घ्या. आणि पाडायचे पैसे लावलेत ना, तर याद राखा."

"मग घरात चढशील कशी?" डेलमारनं विचारलं.

"मागच्या दारानं, चोरासारखी. आता हात वर करा सगळे, कोशिंबीर आंबायला लागली."

हात वर झाले. ओपलचा सगळ्यांत शेवटी, तोही कोपरापर्यंतच.

"पुरा वर कर, ओपल!"

"खांदा दुखतो माझा," ओपल म्हणाली. "मोजायचा तर मोज."

लोरेटानं तो मोजला.