कोट स्टुडिओचा, चेहरा आपला

सुधाकरच्या स्टुडिओतल्या बाकावर तासभर बसलं की एखादा किस्सा खिशात पडतोच. चहा मागाहून येतो. भंडाऱ्यातला हा स्टुडिओ मूळ त्याच्या वडिलांचा, आमच्या काकांचा. नव्याण्णव साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास सुधाकरनं कॉम्प्युटर घेतला आणि लोक ट्रंकेतले जुने फोटो मोठे करून घ्यायला येऊ लागले. बहुतेक साठच्या दशकातले, काकांनीच काढलेले. फोटो बोटभर, गोष्ट हातभर.

*

गिऱ्हाइकांसाठी काकांकडे एकच कोट होता. जाड्यांसाठी पाठीत उसवलेला. बारक्यांना मागून चिमटे लावायचे. खाली धोतर असो की चड्डी, कॅमेरा कमरेवरच थांबायचा.

करडी गावात एका मुलीच्या बापाकडे स्थळाचा फोटो गेला. तो शांतपणे पाहून मध्यस्थाला म्हणाला, "हा कोट आमच्या घरी आधीबी येऊन गेला भाऊ. या खेपेले आत कोण आहे, तेवढं सांगा."

*

तेव्हा नळीसारख्या तंग पँटची फॅशन होती. आमच्या मोठ्या भावानं अशी शिवली की आत शिरायला दोन मित्र आणि पावडरचा डबा लागायचा. ग्रुप फोटोला काका म्हणाले, "बस ना खुर्चीवर."

"बसलो त उठतानी पँट खुर्चीवरच राहीन, काका."

सगळे बसले, हा मागे ताठ उभा. परवा तो फोटो पाहून नातवानं विचारलं, "आबा, तुम्ही या लोकायचे वॉचमन होते काय?"

*

पोरींची हौस मनगटावर. बिड्या वळणाऱ्या एका बाईनं मॅट्रिक झालेल्या लेकीला आणलं आणि बजावलं, "तोंड जरा वाकडं आलं तरी चालते, घड्याळ दिसलं पायजे."

घड्याळही स्टुडिओचंच, आणि बंद. त्यामुळे आमच्याकडची अख्खी जवानी एकाच मिनिटात उरकलेली दिसते.

*

कारध्याची सगुणाबाई आली ती नवऱ्याचा फोटो घेऊन. तो वैनगंगेत मासे धरायचा. मुलगा पोटात असतानाच तो वारला. मागे हा एकच फोटो: केसांचा फुगा, कॉलर उभी आणि डोळ्यांवर काळा गॉगल.

"बाबू, यायचा गॉगल काढून दे," ती सुधाकरला म्हणाली.

"आजी, गॉगलमागं काही नसते. कागद असते."

"मले नाक आठवते, हसणं आठवते. डोळेच आठवत नाही. तुह्या मशीनले विचारून त पाय."

सुधाकरला नाही म्हणवेना. मुलगा बापावर गेला असं सगळं गाव म्हणायचं. त्यानं गुपचूप मुलाचा फोटो मागवला, त्याचे डोळे उचलले आणि दोन दिवस खपून बापाला बसवले. बाईनं ओळखलं तर काय, ही त्याला धास्ती. मलाही मुद्दाम बोलावून घेतलं.

सगुणाबाई कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसली. बराच वेळ पाहत राहिली. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हेच काय, आजी?" सुधाकरनं हळूच विचारलं.

"हेच."

त्यानं प्रिंट काढायला हात पुढे केला.

"थांब," ती म्हणाली. "आता गॉगल घाल यायले."

"काहून? एवढी मेहनत घेतली…"

"मी पाह्यलं ना. लोकाईले कायले दाखवाचे?"