पायाळूची कंबर

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. एवढ्या भांडवलावर सावली तालुक्यातल्या आमच्या गावात मला मान आहे. कुणाच्या कमरेत चमक भरली की तो आमच्या अंगणात येऊन पालथा पडतो. मी डाव्या पायानं त्याच्या कमरेवर तीनदा हलकी लाथ मारते आणि माणूस वडीलधारा असला तर लगेच त्याच्या पाया पडते. लग्न ठरवताना सासूनं माझं शिक्षण विचारलं नव्हतं. पायाळू आहे का, हे मात्र दोनदा विचारलं.

मग माझीच कंबर धरली. धानाच्या रोवण्याचे दिवस होते, बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून पऱ्ह्यांची रोपं लावणं चाललं होतं. आधी कंबर, मग डावा खुबा, मग मांडीच्या मागून पोटरीपर्यंत अशी कळ उतरायची की शिंक आली तरी भिंत धरावी लागे. घरात सांगितलं तर सासू हसली.

"पायाळूचीच कंबर दुखून राह्यली? लोकाइनं आयकलं तं हासतीन."

नवरा म्हणाला, "रोवणं होऊ दे, मंग जाऊ दवाखान्यात."

त्या दोघांचा राग येतोच, पण त्याहून जास्त स्वतःचा येतो. कारण मीही मनातून तेच मानत होते. गावाला बरं करणारा पाय मला कसा दगा देईल? तेल चोळलं आणि पुन्हा बांधीत उतरले. रोवणं झालं, निंदण-खुरपण आलं. डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला. चप्पल पायातून निसटायची आणि मला दहा पावलं गेल्यावर कळायचं. सासू मला वेंधळी म्हणायची.

अशात एका सकाळी चुलत सासरे आले. अंगणात पालथे पडले, सदरा वर केला, तर कमरेला नवाकोरा पट्टा.

"काकाजी, हा कुठचा?"

"गडचिरोलीचा. कंबर धरली अन् दुसऱ्याच दिवशी पोरानं नेलं. फोटो काढला, गोळ्या देल्ल्या. म्हटलं, तुई लाथ बी असू दे."

दुसऱ्याच दिवशी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी सवयीनं खांब धरून डावा पाय उचलला. गुडघा वर आला, पंजा तसाच खाली लोंबत राहिला.

"मार ना," सासू म्हणाली.

"नाई मारत. मी गडचिरोलीले चालली," म्हटलं आणि होते त्या लुगड्यावर बस धरली. खड्ड्याखड्ड्याला कळ डोळ्यांत यायची, पण खाली उतरले नाही.

डॉक्टरीणबाईनं अंगठ्यावर बोट दाबून तो वर उचलायला सांगितलं. तो उठला नाही. "इतके दिवस काय करत होता?" तिनं विचारलं.

"लोकाइच्या कमरा बऱ्या करत होती," मी म्हटलं. तिला कळलं नाही.

तिनं समजावलं. कमरेतली नस दबली आहे. खाटेवर पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला, वाकून ओझं उचलू नका, मी दाखवते ते व्यायाम रोज करा. दुखणं कमी होईल, पण अंगठ्याचं सांगता येत नाही. आधी आला असता तर, असं म्हणून ती थांबली. परतीच्या बसमध्ये ते वाक्य मीच पुरं करत आले.

आता दुखणं बरंच उतरलं. लोक जिथे पालथे पडायचे तिथेच मी रोज पालथी पडून व्यायाम करते. अंगठा उठत नाही.

परवा शेजारच्या गावची एक बाई नवऱ्याबरोबर आली. तिचीही कळ पायात उतरली होती. मी लाथ मारली नाही. तिला बसवलं आणि अंगठा वर उचलायला सांगितला. तो अर्धाच उठला.

"आजच दवाखान्यात न्या," मी तिच्या नवऱ्याला म्हटलं.

"धान कापणं होऊ द्या, मंग पाहू," तो म्हणाला.

"भाऊ, मंग पालथं तुमीच पडा," मी म्हटलं. "माया उजवा पाय अजून धड आहे."