कापसानं बुजवलेलं छत

इंजिनाचं मला कुणी काही सांगू नये. उभा जन्म मलकापूरहून कापसाच्या गाठी भरून ट्रक चालवला. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं कुठं दुखतंय ते सांगतो. पण पावसाबद्दल ट्रकवाल्याचं ज्ञान ताडपत्रीपुरतं. ताडपत्री ओढली, दोर आवळला, की पुढचं पाऊस जाणे आणि शेठ जाणे. एवढ्याशा अकलेवर मी म्हातारपणी चाकांवरचं घर दुरुस्त करायला निघालो.

हौस म्हणून नव्हे. बायकोच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिच्या पोटाला पिशवी लावलेली आहे. सगळं त्या पिशवीत येतं. ती साफ करायला पाणी लागतं, आडोसा लागतो. ऑपरेशननंतर ती एकदाच बसमध्ये बसली आणि चिखलीच्या अलीकडे पिशवी सुटली. लोकांनी नाकाला रुमाल लावले. कंडक्टर भला, त्यानं गाडी थांबवली. ही उतरली ती थेट एका बांधाआड जाऊन बसली. मी चादर आडवी धरून रस्त्याकडे पाठ करून उभा होतो. त्या दिवसापासून तिनं आमचं गाव, देऊळघाट, सोडलं नाही.

आणि तिची थोरली बहीण दिलेली पार कोल्हापूरच्या पलीकडे. आई लवकर गेली, त्यामुळं हिची वेणीफणी करण्यापासून लग्नात पाठवणी करण्यापर्यंत सगळं त्या बहिणीनंच केलेलं. तिला लकवा झाला, तिनं अंथरूण धरलं. तिला येता येईना, हिला जाता येईना. फोनवर एकमेकींची तोंडं बघायच्या आणि ठेवताना दोघी रडायच्या. मी म्हटलं, "मोटार करू भाड्यानं."

"अन् रस्त्यात सुटली तं? परक्या मानसाच्या गाडीत?" ती म्हणाली. "मले पुन्हा तसं उतरनं नाई जमत."

मग मलकापुरात एका भंगारवाल्याच्या आवारात मला ती गाडी दिसली. कुठल्याशा फिरत्या दवाखान्याची, मोडीत निघालेली. आत निजायला बाक, हात धुवायचं भांडं, पाण्याची टाकी, आणि मागच्या कोपऱ्यात दार लागणारा छोटा संडास. तो संडास बघून मला जो आनंद झाला तो माणसाला ताजमहाल बघूनही होत नसेल. आठवडाभर इंजिनाशी झटलो आणि गाडी मोताळ्यावरून राजूर घाट चढवून घरी आणली. घाटात ती एकदासुद्धा कुरकुरली नाही.

अंगणात उभी केली तर गावाला चेष्टेला विषय मिळाला. बाजूचं लाल फुलीचं चिन्ह पुसट का होईना, दिसत होतं. एक म्हातारा तर खरंच बीपीची गोळी मागायला आला आणि नाही म्हटल्यावर रागावून गेला.

काम मी उन्हाळ्यात काढलं. गंज खरवडला, लाल ऑक्साइड मारलं, खिडक्यांची कडक झालेली रबरं काढून नवी बसवली. आतून प्लाय ठोकला, त्यावर हिनं स्वतः पसंत केलेला रेक्झिन लावला, निळ्या फुलांचा. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघांनी मिळून घर सजवलं असेल; आधीचं घर तिनं एकटीनं सजवलं, मी ट्रकवर होतो.

राहिलं छत. ते दोन पत्रे एकावर एक चढवून रिबिटांनी जोडलेलं होतं, आणि तो जोड उलला होता. आता आमच्या भागात पत्रा गळला तर काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. घरात कापूस असतो, बाजारात डांबर मिळतं. कापसाची वात डांबरात बुडवायची, भोकात ठासायची, वरून हात फिरवायचा. गावातला प्रत्येक गोठा असाच बुजवलेला आहे. मी तेच केलं, आणि जो जो बघायला आला त्यानं "अजून थोडा ठासा" एवढाच सल्ला दिला. सगळ्यांनी मिळून माझ्या छतात बोचकंभर कापूस ठासला.

मग मी वर चढून पाईपनं पाणी सोडलं. ती आत बाकावर बसून वर बघत होती.

"थेंब नाई!" ती आतून ओरडली. "अवो, एकबी थेंब नाई!"

त्याच दिवशी तिनं बहिणीला फोन केला. पण निघायचं कधी, तर म्हणाली, पोळा झाल्यावर. "सनाच्या तोंडावर घर बंद करू नाई." आमच्याकडे ना बैल ना गोठा, तरी पोळा होईपर्यंत थांबायचं ठरलं. बाईमाणसाच्या शास्त्रापुढं ट्रकवाला काय बोलणार!

पोळ्याच्या आधीच झड लागली. ऊन म्हणून दिसेना. पाऊस मोठा नव्हे, पण सुटता सुटेना. पहिले दोन दिवस गाडी कोरडी होती आणि मी मिशीला पीळ देत होतो. मग एका सकाळी दार उघडलं तर कुबट वास आला. वर निळी फुलं पोटासारखी लोंबत होती. बोट लावलं तर रेक्झिन फाटला आणि प्लायचा काळा चिखल माझ्या तोंडावर आला.

छतावर चढलो, डांबर उचकटलं. आतला कापूस फुगून टम्म झालेला. पिळला तर पेलाभर पाणी निघालं. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. गोठ्याचा पत्रा खालून उघडा असतो, वारा लागतो, कापूस सुकतो. माझ्या पत्र्याखाली प्लाय होता. पाईपचं पाणी कापसानं पिऊन टाकलं होतं, म्हणून थेंब पडला नव्हता. त्यानंतर तो पितच राहिला होता, आणि पत्रा आतून कुजत गेला होता.

मलकापूरहून वेल्डिंगवाला आणला. त्यानं रॉड टेकवला, तर भोक बुजायच्या ऐवजी वाटीएवढं झालं. दुसरीकडे टेकवला, तिथंही तेच. त्यानं रॉड खाली ठेवला. "काका, याच्यात लोखंड राह्यलंच नाई. मी कायले जोडू?" फायबर बसवणारा म्हणाला, बसवतो, पण आधी खडखडीत ऊन पाहिजे. मी आभाळाकडे बघितलं. ताडपत्री टाकली तर उभ्या गाडीला ठीक, पण आत शिरलेलं पाणी गळायचं थांबेना, ते दिव्याच्या तारांतून उतरत होतं; पुढचे दिवे लागेनात, अशी गाडी लांबच्या रस्त्यावर काढता येईना. हातोडा कुठं मारावा, शिवी कुणाला द्यावी, काही सुचेना. मी डांबराच्या रिकाम्या डब्याला लाथ मारली आणि नंतर दोन दिवस लंगडलो.

पोळा झाला. पाऊस होताच. आणि भाच्याचा फोन आला. मावशी, आईनं खाणं सोडलं. ओळख धड राहिली नाही. एकच विचारते, धाकटी निघाली का.

मी म्हटलं, "चाल. मोटार बोलावतो. होईन ते होईन."

ती उठली. पातळ बदललं, सामान भरलं, ओट्यापर्यंत आली. तिथं खांबाला धरून उभी राहिली आणि हातातलं सामान खाली ठेवलं. "माह्यानं नाई होत," ती म्हणाली. त्या बांधाआड मीही होतो.

दुपारी भाच्यानं परत फोन लावला. तिनं तो उचलून पदराखाली धरला आणि अंगणातून गाडीत जाऊन बाकावर बसली. आत दोन बादल्या ठेवल्या होत्या. मी त्यातली एक रिकामी करत होतो.

"निघाली का वं?" बहिणीचा आवाज आला, अर्ध्या तोंडाचा.

"हाव ताई, निघालो. गाडीतच बसली मी." तिनं फोन फिरवून बाक दाखवला, हात धुवायचं भांडं दाखवलं, खिडकीचा पडदा दाखवला. वर मात्र फोन नेला नाही. मग माझ्याकडे बघितलं.

मी बादली खाली ठेवली, पुढं जाऊन बसलो आणि चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. त्यानं कधीच दगा दिला नव्हता.

"कुठलोक आल्या?"

"चिखली मागं पडली, ताई. येऊन राह्यलो."

मी सपाट रस्त्यावर देतात तशी बेतानं रेस देत होतो. टपावर पाऊस वाजत होता. समोर आमचीच तुळस होती.

"पाऊस हाये का?" बहीण म्हणाली. "त्याइले म्हना, सावकाश चालवा."

मी पाय थोडा हलका केला.