साकु की टाक

त्या बास्केटबॉल लीगला सगळे 'सेमी-प्रोफेशनल' म्हणत. तिच्यात प्रोफेशनल काय होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. सेमी मात्र सगळंच होतं. मैदानावरचे अर्धे दिवे लागत. पंच कधी कधी अर्धा सामना झाल्यावर येत. घड्याळ म्हणजे टेबलाशी बसलेल्या माणसाच्या हातातलं स्टॉपवॉच, आणि तो चहा प्यायला लागला की वेळही त्याच्याबरोबर थांबायची. नव्वदच्या दशकात बंगळुरात बऱ्याच जणांच्या हातात नवा पैसा आला, आणि त्यांतल्या काहींना खेळाडू बाळगावेत असं वाटू लागलं. पूर्वी अशी माणसं शर्यतीचे घोडे बाळगत. घोडा महाग पडतो.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझा धाकटा भाऊ त्या हंगामातले सगळे सामने खेळला आणि मी ते सगळे पाहिले. माझी नोकरी हिशेबाची, त्यामुळे पाहिलेलं मोजायची खोड आहे. त्या सिमेंटच्या मैदानावर न मोजता पाहण्यासारखं फारसं काही नव्हतंही.

भाऊ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथं बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनत. पाच वर्षं तो टेंपररी होता; दर काही महिन्यांनी त्याला काढायचं आणि आठवड्याने परत घ्यायचं, म्हणजे कागदावर तो नेहमी नवाच. घरी बायको आणि वर्षाची मुलगी. कारखान्याचे मालक पुण्याकडून आलेले. त्यांनी संघ काढला, त्याला एका हिंस्र प्राण्याचं इंग्रजी नाव दिलं, आणि उद्घाटनाच्या भाषणात सगळ्यांसमोर सांगितलं की संघ पहिल्या गटात टिकला तर कंपनीतल्या खेळाडूला कायम करू. कंपनीतला खेळाडू एकच होता, माझा भाऊ. बाकीची कॉलेजातली मुलं, सामन्यामागे भत्ता घेणारी. त्यामुळे टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या तरी ते वाक्य एकट्यासाठी होतं.

संघाचे कोच आमच्या राजाजीनगरातलेच, शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेले. त्यांना लहानथोर सगळे अण्णा म्हणत. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. आमची मराठी घरात वाढलेली, तिला शाळा माहीत नाही. स्वल्प, सरी हे कन्नड शब्द तिच्यात कधी शिरले ते कुणी बघितलं नाही. पानात सारू वाढताना हात आडवा धरून आम्ही 'साकु' म्हणतो, म्हणजे पुरे, आता थांब. अण्णा मैदानावरही तेच म्हणत. मुलं फार पळापळ करू लागली, चेंडू उगाच घाईने फेकू लागली की बाकावरून आवाज यायचा, "साकु रे, साकु." मुलं थांबत, चेंडू धरत. कॉलेजातली मुलं कन्नड बोलणारी, त्यांनाही ते कळे. महिनाभरात तो संघाचा नियमच झाला.

मालकांना हे बघून हसू यायचं. "अण्णा, तुमची मराठी म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी," ते म्हणत.

"खायला बरी लागते, साहेब," अण्णा म्हणत.

मालक स्वतः कामगारांशी हिंदीत बोलत, घरी मुलांशी इंग्रजीत. शुद्ध मराठी ते फक्त आमची चूक काढण्यापुरती वापरत.

हंगामाच्या मध्याला आम्ही दोन जिंकून तीन हरलो होतो. तेव्हा मालकांनी पुण्याहून एक खेळाडू आणला. राज्य पातळीवरचा, असं सांगितलं. कुठल्या वर्षीचा ते सांगितलं नाही. कपाळाला पट्टी, मनगटाला पट्टी, पाण्याची स्वतंत्र बाटली. त्याला लांबून टाकायची हौस होती, कारण लांबून पडलं की तीन गुण आणि प्रेक्षकांत आरडाओरडा. दहा वेळा टाकलं की दोनदा पडायचं, चांगला दिवस असला तर तीनदा. माझा भाऊ जवळ जाऊन टाके, त्याचे दहातले सहा पडत, पण त्याच्यासाठी कुणी ओरडत नसे. मी एकदा हे आकडे मालकांना सांगितले.

"अहो, त्याचा कॉन्फिडन्स बघा," ते म्हणाले.

गुणफलकावर कॉन्फिडन्ससाठी वेगळा रकाना नाही, एवढंच मी म्हटलं. त्यानंतर मला पुढच्या खुर्च्यांवर बसवेनासे झाले, ते एका अर्थी बरंच झालं. मागून मैदान अधिक दिसतं.

शेवटचा सामना जिंकला तर संघ टिकणार, हरला तर खालच्या गटात. शेवटच्या अर्ध्या मिनिटाला आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि चेंडू नुकताच आमच्या हातात आला होता. तेव्हाचा नियम असा की चेंडू मिळाल्यापासून तीस सेकंदांत टाकायला हवा. टेबलावरच्या माणसाने हात वर करून दाखवलं, तीसपेक्षा कमी उरलेत. म्हणजे टाकायचीच गरज नव्हती. चेंडू आपसांत फिरवत राहायचं, शिट्टी वाजली की घरी जायचं. हे शाळेतल्या पोरालाही समजावं.

भावावर दोघे जण धावून आले म्हणून त्याने चेंडू पुण्याच्या गड्याकडे दिला. तो मोकळा होता, बऱ्यापैकी लांब. अण्णा बाकावरून उठले आणि दोन्ही हात खाली दाबत ओरडले, "साकु, साकु." प्रेक्षकांत गोंगाट. मागे बसूनही मला ते स्वच्छ ऐकू आलं. पुण्याच्या गड्याने एकदा अण्णांकडे पाहिलं आणि चेंडू टाकला.

कडीला लागून तो बाहेर आला. समोरच्यांच्या उंच मुलाने धरला, पुढे धावणाऱ्याला दिला, त्याने जाऊन अलगद बास्केटात ठेवला. शिट्टी वाजली. एका गुणाने गेलो.

"कोचनी टाक टाक म्हटलं," तो गडी म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच टाक ऐकलं होतं. त्याला दुसरं काही ऐकूच आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात मालकांनी बोम्मसंद्र्याच्या ऑफिसात 'रिव्ह्यू मीटिंग' घेतली. अशा खोल्यांत एकट्याने बसायची अण्णांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी मला बरोबर नेलं. भाऊ आणि पुण्याचा गडी आधीच तिथं येऊन बसले होते. एसी इतका लावलेला की अण्णांनी मफलर काढला नाही.

"अण्णा, तुम्ही टाक म्हणालात?" मालकांनी विचारलं.

"साकु म्हणालो. थांबा म्हणून."

"सर, मला क्लिअर टाक ऐकू आलं," पुण्याचा गडी म्हणाला. "आणि साकु म्हणजे काय हे मला कुणी कधी सांगितलंच नाही."

"सरावाला आला असतास तर कळलं असतं," अण्णा म्हणाले.

मालक माझ्या भावाकडे वळले. "तू जवळ होतास. काय ऐकलंस? नीट आठवून सांग. तुझ्या कन्फर्मेशनचा विषयही मला याच आठवड्यात बघायचाय. संघ खाली गेला तरी मी त्याचा विचार करू शकतो."

इतकं स्पष्ट ते पहिल्यांदाच बोलले असावेत. पुण्याचा गडी त्यांचा, त्याला आणायचा निर्णय त्यांचा. चूक अण्णांची ठरली की सगळं व्यवस्थित बसत होतं. भावाने एक शब्द म्हणायचा होता, तोही दुसऱ्याने आधीच म्हटलेला.

भावाने टेबलावरच्या नमुन्यांतलं एक झाकण उचलून परत जागेवर ठेवलं. मग म्हणाला, "अण्णा साकु म्हणाले. मी ऐकलं."

"तो मराठी शब्द नाही."

"आमच्याकडं आहे, साहेब."

मालकांनी फाइल बंद केली. कोचने संघाशी संघाला कळेल अशा भाषेत बोलायला हवं, असा निकाल त्यांनी दिला. दहा जणांच्या संघात ती भाषा न कळणारा एकच होता, हे मी म्हणणार होतो. भावाने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणून ते राहिलं.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले. होसूर रोडवर गर्दी होती. ते भावाला म्हणाले, "कशाला रे? म्हणायचं होतंस टाक. मला काय, मी पेन्शनर माणूस."

"तुम्ही टाक म्हणालात असं घरी सांगितलं असतं तर बायकोनं जेवायला वाढलं नसतं," भाऊ म्हणाला. "तिला माहीत आहे तुम्ही कुणाला कधी टाक म्हणत नाही."

"मी पुरे म्हणायला हवं होतं."

"पुरे म्हटलं असतंत तर बाकी कुणालाच कळलं नसतं."

अण्णा हसले, आणि मग डोळे पुसले. चष्म्याला धूळ लागली म्हणाले.

संघ बरखास्त झाला. पुण्याच्या गड्याला त्याच कंपनीत कायम नोकरी मिळाली, क्रीडा अधिकारी म्हणून. खेळणारं तिथं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा पद जबाबदारीचं असणार. भावाला नेहमीप्रमाणे काढलं आणि आठवड्याने परत बोलावलं नाही.

दोन महिने तो फिरत होता. मग राजाजीनगरातच एका लेथच्या कारखान्यात जागा निघाली. तिथले म्हातारे मालक कन्नड बोलणारे. त्यांनी कामाची चाचणी घेतली, बनवलेला भाग मापून पाहिला, मग मान वर करून त्याची उंची पाहिली.

"बास्केटबॉल वगैरे काही खेळतोस काय?" त्यांनी कन्नडात विचारलं.

"नाही," भाऊ म्हणाला.

"मग सोमवारपासून ये."

सहा महिन्यांनी त्याला कायम केलं. मालकांनी भाषण केलं नाही. फक्त हजेरीपटावर त्याचं नाव पेन्सिलीने होतं, ते शाईने लिहिलं.